हवेत ०.०४ टक्केच असलेला कार्बन डायऑक्साइड पृथ्वी कशी तापवतो?

टक्केवारी पाहून फसू नका. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोघे जवळजवळ अडवतच नाहीत. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात. ते कंप पावले तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही, म्हणून अवरक्त किरण (म्हणजे ही उष्णता वाहून नेणारे अदृश्य किरण) शोषले जात नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मात्र वाकतो, तेव्हा हा तोल ढळतो आणि तो १५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास तरंगलांबी असलेले किरण शोषतो. पृथ्वी सर्वाधिक उष्णता नेमकी याच पट्ट्याजवळ बाहेर टाकते. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत वायूंमधला हा फरक मोजला होता.

‘पाण्याची वाफ तर याहून जास्त उष्णता अडवते’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धवट. वाफ साधारण नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे वाफ तापमानामागे जाते. कार्बन डायऑक्साइड असा पाऊस होऊन पडत नाही; त्याचा बराचसा भाग शतकानुशतके हवेत राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे.

वायूंनी उष्णता अशी अडवणे, म्हणजेच हरितगृह परिणाम, मुळात वाईट नाही, हेही लक्षात घ्या: तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असते.