नेपोलियन नेमका कधी बदलतो?
‘अ‍ॅनिमल फार्म’ (1945) ही जॉर्ज ऑर्वेलची, माणसाला हाकलून शेत ताब्यात घेणाऱ्या प्राण्यांची कादंबरी पहिल्यांदाच वाचताय ना? मग त्यातला म्होरक्या डुक्कर नेपोलियन म्हणजे सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन, त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की ही जुळवाजुळव सध्या बाजूला ठेवा. नवखे तिथेच अडकतात, मीही अडकलो होतो. दुसरी चूक म्हणजे स्नोबॉलला हाकलल्यावरच नेपोलियन बिघडला असं धरणं. अहो, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो दुधाच्या बादल्यांपुढे उभा राहतो आणि संध्याकाळी दूध गायब! तिथे पेन्सिलीने खूण करा.

पुढे एवढंच बघा:
- कुत्र्यांची नऊ पिल्लं कोण नेतं, कशासाठी
- भिंतीवर लिहिलेल्या, सगळ्या प्राण्यांसाठीच्या आज्ञांना कुठले शब्द मागून चिकटतात (चादरींपाशी थांबाच)
- नेपोलियन चारचौघांत किती कमी दिसू लागतो

नेपोलियनची बाजू मांडणाऱ्या स्क्वीलर डुकराची भाषणं दुसऱ्या वाचनाला.