फोडण्याआधी वापरलीस का?

अगं मुली,

काल तू विसरून गेलेली वाटी समोर ठेवूनच लिहायला बसलोय. हातोडीने फोडलीस, सोनेरी पूड घातलेल्या इपॉक्सीने सांधलीस आणि वर मलाच विचारतेस, 'काका, हे खोटं आहे का?' गिऱ्हाईक खूश, फोटोवर कौतुक, तरी तुला झोप नाही. बरं झालं. माझी झोप उडायला वीस वर्षं लागली होती.

मला एकच सांग. फोडण्याआधी या वाटीतून कितीदा चहा प्यालीस? एकदाही नाही ना?

किन्त्सुगीत, म्हणजे फुटलेलं भांडं सोनेरी रेघांनी सांधायच्या जपानी कलेत, सोनं सगळ्यात शेवटी येतं. खरं काम उरुशीचं, म्हणजे तुकडे सांधणाऱ्या एका झाडाच्या चिकाचं. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, चीक अंगाला लागला की बिब्ब्यासारखाच उततो. वर तो उन्हात सुकतही नाही, त्याला दमट ऊब लागते. म्हणून सांधलेलं भांडं ओलसर पेटीत ठेवायचं, थर घट्ट होईपर्यंत थांबायचं, घासायचं, पुन्हा थर. आठवडे जातात. अंगावर पुरळ घेऊन इतके आठवडे माणूस कुठल्या भांड्यासाठी घालवेल? ज्याच्यावाचून त्याचं अडतं त्याच्यासाठी. तुझं या वाटीवाचून काय अडलं होतं?

क्योतोत दाइतोकु-जी या बौद्ध मठाच्या आवारातल्या कोहो-आन या छोट्या मंदिरात 'किझाएमोन' नावाचा चहाचा वाडगा आहे. जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिलाय, आणि तो मुळात कोरियातला! लोककलेचे जपानी अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी १९३१ साली तो पाहिला तेव्हा त्यांना त्यात गरिबाघरचा साधा भाताचा वाडगा दिसला, आणि त्याचं मोठेपण त्यांनी त्या साधेपणातच मानलं. पुढे चहाच्या विधीतल्या रसिकांसाठी मुद्दाम वेडेवाकडे वाडगे घडू लागले, त्यांवर ते चिडायचे. मीही चिडतो. पण मला तो हक्क आहे का, ते पुढे वाच.

'परदेशी लोकांना हेच आवडतं' असंही म्हणालीस. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात जपानच्या सात्सुमा प्रांताची भांडी गेली. पुढे मेइजी सम्राटाच्या काळात निर्यातीच्या सात्सुमावर सोनं, फुलं आणि माणसांची अशी गर्दी उसळली की बोट ठेवायला जागा नाही. युरोपातल्या दिवाणखान्यांत तोच अस्सल जपान ठरला. आज तिकडच्यांना तडे हवेत, राख हवी, काळं हवं. तेव्हा सोनं थापलं, आता तडे थापायचे, एवढाच फरक.

पाश्चात्त्यांची आवड वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. जपानी कुंभार हामादा शोजी १९२०मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडला गेले, तिथली जुनी स्लिपवेअरची, म्हणजे पातळ मातीच्या लेपाने सजवलेली ताटं त्यांना भावली आणि परतल्यावर ते जपानमधल्या माशिको गावात राहिले, जिथे स्वयंपाकघराची मडकी-बरण्या व्हायच्या. दोघांची भेट जेवायच्या भांड्यावर झाली, म्हणून टिकली. वापर, अगं. आधी वापर.

आता माझं. तिशीत असताना एका हॉटेलची दोनशे वाट्यांची ऑर्डर घेतली, 'जपानी दिसायला हव्यात' म्हणून. चाकावरून उतरवली की प्रत्येकीला अंगठ्याने एक दाब. दोनशे वाट्या, दोनशे दाब, सगळे एकाच जागी! बूड नीट तासायला वेळ नव्हता, त्यामुळे निम्म्या टेबलावर डुगडुगायच्या. कुणाची तक्रार आली नाही, कारण त्या कपाटातून कधी खाली आल्याच नाहीत. भट्टीचं कर्ज होतं, मुलाची फी होती, आणि त्या पैशांवरच पुढची दहा वर्षं मला हवं ते करता आलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा घेईन ती ऑर्डर. पण त्यांतली एकही वाटी मी घरी नेली नाही. बायकोने विचारलं तेव्हा विषय बदलला.

तुझ्या वाटीत गरम चहा ओतायचा धीर झाला नाही, इपॉक्सीचा भरवसा काय. सध्या तिच्यात सेफ्टी पिना ठेवल्यात. रविवारी घेऊन जा, आणि येताना घरात रोज वापरातलं एखादं भांडं आण, टवका उडालेलं असलं तरी चालेल.

— काका