१९४२ साली सिंगापूरला पकडले गेलेले आणि युद्धकैदी छावणीतच वारलेले पणजोबा: त्यांचं नाव कुठे कोरलेलं आहे का?

हो, बहुतेक असणारच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांत वारलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर मोफत शोधता येईल. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा हजारो भारतीय जवान जपान्यांच्या हाती लागले. त्यातल्या कितीतरी जणांना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी, न्यू ब्रिटन बेटांकडे मजुरीला नेलं. तिथे मेलेल्यांपैकी काहींच्या कबरी आज न्यू गिनीतल्या लाए आणि न्यू ब्रिटनमधल्या राबाउलजवळच्या बिटा पाका इथे आहेत. पण तुमच्या पणजोबांची कबर शोधत बसू नका. हिंदू आणि शीख जवानांचं दहन व्हायचं, आणि जंगलात मेलेल्या अनेकांचा ठावठिकाणाच लागला नाही. अशांची नावं स्मारकांवर आहेत, सिंगापूरच्या क्रांजीला तर २४ हजारांहून जास्त. नोंदीत नाव, सैनिक क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि भिंतीवरच्या कॉलमचा आकडा मिळतो. अनेकदा वडिलांचं, बायकोचं नाव आणि गावही. आपल्या माणसाचं गाव त्या यादीत वाचताना हात थांबतो.

शोधताना:
- स्पेलिंग बदलून बघा. पवारांचं पोवार, पुण्याचं पूना झालेलं असतं.
- घरात जुनं पेन्शनचं कागदपत्र असेल तर त्यावरचा सैनिक क्रमांक घ्या, नावापेक्षा तो खात्रीचा.

एक लक्षात घ्या, ही यादी फक्त ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत वारलेल्यांची आहे. छावणीतून सुटून घरी आलेले आणि त्या तारखेनंतर गेलेले त्यात सापडणार नाहीत.