चेटकिणींचे खटले : कादंबरी आणि अस्सल कागद

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोथरूडमध्ये आमचा एक छोटा वाचनगट आहे. सध्या आम्ही युरोप-अमेरिकेतील चेटकिणींच्या खटल्यांवर बेतलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत आहोत. गटातील एका निवृत्त प्राध्यापकांचे म्हणणे असे की, खटल्यांची मूळ कागदपत्रे छापून उपलब्ध असताना कादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. बाकीच्यांना मात्र तो काळ कादंबरीतूनच समजतो असे वाटते. कोणाचे मत ग्राह्य धरावे?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : प्राध्यापकमहाशयांचा आग्रह अस्सल पुणेरी आहे आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक मोल दिले. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तीच शिस्त पुढे चालवली. त्यामुळे पेशवाईवरची कादंबरी हाती आली की तिला अस्सल कागदाचा आधार काय, असे आपण सहज विचारतो, आणि ते योग्यच आहे. परंतु चेटकिणींच्या खटल्यांना हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. येथे कागद समकालीन असतो, न्यायालयाचा असतो, त्यावर तारीख असते, साक्षीदारांची नावे असतात, आणि तरीही त्यातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर, म्हणजे आरोपीचा कबुलीजबाब, खोटा असतो.

मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथील १६९२ सालचे खटले पाहा. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले, १९ जणांना फाशी झाली, आणि आरोपाला उत्तर देण्यास नकार देणारा जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी अंगावर दगडांचे ओझे चढवून मारला गेला. ज्यांनी चेटूक केल्याचे कबूल केले आणि तो जबाब कायम ठेवला, त्यांच्यापैकी कोणालाही फाशी झाली नाही. ज्यांनी शेवटपर्यंत इन्कार केला ते फासावर गेले. सॅम्युएल वॉर्डवेल याने आधी कबुली दिली, नंतर ती मागे घेतली, आणि त्याला फाशी झाली. खरे बोलण्याची शिक्षा मृत्यू आणि खोटे बोलण्याचे बक्षीस जीवदान, असा हा व्यवहार होता. अशा न्यायालयातून बाहेर पडलेला कबुलीजबाब अस्सल आहे तो एवढ्याच अर्थाने, की न्यायाधीशांना काय ऐकायचे होते हे त्यातून कळते.

टिट्युबा या गुलाम स्त्रीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती सेलम गावचे पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरी होती. १ मार्च १६९२ रोजी तिची चौकशी सुरू झाली आणि तिने बॉस्टनहून आलेला उंच पुरुष, पिवळा पक्षी, मांजरे, सैतानाचे सह्यांचे पुस्तक असे सारे वर्णन केले. पुढे तिने हा जबाब मागे घेतला आणि मालकाने मारहाण करून तो वदवून घेतल्याचे सांगितले, असे रॉबर्ट कॅलेफ या समकालीन लेखकाने १७०० साली छापलेल्या पुस्तकात नोंदवले आहे. तुरुंगाचा खर्च पॅरिस यांनी भरला नाही. जो भरील त्याला ती विकली गेली, आणि त्यानंतर तिचा मागमूस लागत नाही. तिच्याविषयीचा जवळजवळ प्रत्येक शब्द तिला कैदेत टाकणाऱ्यांनी लिहिलेला आहे. इतिहासकार येथे थांबतो आणि त्याने थांबावेच. कादंबरीकाराचे काम मात्र येथून सुरू होते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावरील लेखिका मारीझ काँदे यांनी १९८६ साली फ्रेंच भाषेत टिट्युबावर कादंबरी लिहिली, तिला बालपण दिले, बार्बाडोसला परतीचा प्रवास दिला आणि मृत्यूही दिला. न्यायालयाच्या कागदात टिट्युबाची नोंद ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिका खंडातील मूळ रहिवासी) म्हणून होते, तर काँदे तिला आफ्रिकी आईची मुलगी करतात. हा फरक आपल्या गटाने जरूर लक्षात घ्यावा. परंतु ती कादंबरी पुरावा असल्याचा दावा करत नाही. ज्या स्त्रीला फक्त प्रश्नांची उत्तरे देण्यापुरते बोलू दिले, तिला लेखिका स्वतःहून बोलू देते.

म्हणून आपल्या गटाने कागद आणि कादंबरी शेजारी ठेवूनच वाचावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कागदातील कबुली बाजूला ठेवावी, पण तिच्या भोवतीच्या बारीकसारीक गोष्टी जपून वाचाव्यात : कोणाची गाय मेली, कोणी कोणाला उसने दिले नाही, कोणत्या कुंपणावरून भांडण होते, कोणाचे मूल आजारी पडले. या गोष्टी साक्षीदार सहज बोलून जातात आणि त्यांत गावाचे खरे जीवन सापडते. कादंबरीकाराने या गोष्टींचा मान राखला असेल, तर त्याने उरलेल्या पोकळीत जे कल्पिले आहे त्याला मी मोकळ्या मनाने दाद देईन.

उलट उदाहरण म्हणून, ते नाटक असले तरी, आर्थर मिलर यांच्या १९५३ सालच्या ‘द क्रूसिबल’चा विचार करावा, कारण सेलमविषयी अनेक वाचकांच्या मनात जे चित्र असते ते याच नाटकाचे असते. प्रत्यक्षात आरोप करणारी अबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि फाशी गेलेला जॉन प्रॉक्टर साठीच्या घरातला होता. मिलर यांनी मुलीचे वय वाढवले, प्रॉक्टरचे कमी केले आणि दोघांमध्ये प्रेमसंबंध घातला. अमेरिकेत त्या वेळी कम्युनिस्टांच्या शोधार्थ ज्या चौकशा चालल्या होत्या, त्यांविरुद्ध त्यांना बोलायचे होते, आणि ते काम नाटकाने जबरदस्त ताकदीने केले. तरीही या बदलामुळे एक गोष्ट झाकली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. नाटकात सर्वनाशाचे मूळ एका मुलीच्या वासनेत आणि सूडात जाते. कागदांत मात्र पाद्रीचा पगार आणि जळाऊ लाकूड यांवरून फुटलेले गाव दिसते, जमिनीवरून भांडणारी घराणी दिसतात आणि उत्तरेकडील मेन या प्रदेशाच्या सरहद्दीवरील युद्धात आईबाप गमावून आलेली मर्सी लुइससारखी मोलकरीण दिसते. लेखकाने तपशील बदलला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. त्या बदलामुळे दोषाचे ओझे कोणाच्या डोक्यावरून उतरून कोणाच्या डोक्यावर गेले, हे मात्र प्रत्येक कादंबरीबाबत विचारायला हवे.

निष्काळजी लेखन ओळखण्याची एक साधी खूणही सांगतो. सेलममध्ये कोणालाही जाळले गेले नाही. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत चेटकाची शिक्षा फाशी होती. जाळण्याची शिक्षा जर्मन प्रदेशांत आणि युरोपात इतरत्र होती, तर स्कॉटलंडमध्ये बहुधा आधी गळा आवळून मग प्रेत जाळत. सेलमवरील कादंबरीत चिता पेटली, तर लेखकाने मूळ कागद उघडलेले नाहीत असे खुशाल समजावे.

प्रश्न : या कादंबऱ्यांतील नायिका बहुतेक वेळा जडीबुटी जाणणारी, बाळंतपणे करणारी, काळाच्या पुढे असणारी स्त्री असते आणि गाव तिच्या ज्ञानाला घाबरते. प्रत्यक्षात आरोपी स्त्रिया अशाच होत्या का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काही स्त्रिया औषधपाणी करीत, हे खरे आहे. परंतु सुईणींना वेचून मारले गेले, ही समजूत कागदांवर टिकत नाही. इंग्लंडमध्ये तर आरोपीच्या अंगावर सैतानाची खूण शोधण्यासाठी न्यायालय ज्या प्रतिष्ठित स्त्रियांना नेमत असे, त्यांत सुईणीही असत. संपूर्ण युरोपात सुमारे ४०,००० ते ६०,००० लोकांना मृत्युदंड झाला असावा असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. आइसलँडमध्ये मात्र जाळले गेलेले जवळजवळ सगळे पुरुष होते. ही गोष्ट मध्ययुगाची नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिचा कळस १५६० ते १६३० च्या दरम्यान झाला, म्हणजे केप्लर आणि गॅलिलिओ ज्या काळात आकाश मोजत होते त्याच काळात.

केप्लर यांचे नाव मी मुद्दाम घेतले. त्यांची आई काथारिना हिच्यावर १६१५ साली शेजारच्या एका स्त्रीने आरोप केला की, तिने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. सत्तरी ओलांडलेली ही विधवा १६२० मध्ये अटकेत गेली आणि चौदा महिने साखळदंडात राहिली. केप्लर यांनी तिच्या बचावाची बाजू हाती घेतली. अखेरीस तिला छळाची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले, तरीही ती कबूल झाली नाही, आणि १६२१ मध्ये सुटली. पुढच्याच वर्षी ती वारली. तिच्याविरुद्धच्या साक्षी वाचल्या तर क्रांतिकारक नायिका भेटत नाही. शेजाऱ्यांच्या घरात सहज शिरणारी, नको तेथे बोलणारी, कोणाच्या तरी मनात वर्षानुवर्षे सलत राहिलेली म्हातारी भेटते. अशा म्हाताऱ्या आपल्या प्रत्येक वाड्यात होत्या.

काळाच्या पुढची नायिका वाचकाला सुखावते, कारण तो आपोआप तिच्या बाजूचा होतो. त्यामुळे सर्वांत कठीण प्रश्न मात्र टळतो. इंग्लंडच्या लँकाशरमधील पेंडलच्या १६१२ सालच्या खटल्यांची सुरुवात कशी झाली ते पाहा. अॅलिझन डिव्हाइस या गरीब मुलीने रस्त्यात एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत आणि थोड्याच वेळात तो कोसळला. आज आपण त्याला पक्षाघात म्हणू. अॅलिझनला मात्र स्वतःलाच वाटले की, हे आपल्या रागामुळे झाले, आणि तिने त्याची क्षमा मागितली. आरोप करणारा आणि आरोपी या दोघांचाही चेटकावर सारखाच विश्वास होता. ज्या कादंबरीकाराला हा विश्वास आतून रंगवता येतो, ज्याची नायिका रात्री स्वतःच्या हातांकडे पाहून घाबरते, तो माझ्या दृष्टीने खरा ऐतिहासिक कादंबरीकार होय. याच खटल्यात अॅलिझनची बहीण जेनेट, वय अवघे नऊच्या आसपास, हिने आपल्या आईविरुद्ध साक्ष दिली. दहा जणांना फाशी झाली, त्यांत तिची आई, भाऊ आणि बहीण होते. सुमारे बावीस वर्षांनी, दुसऱ्या एका मुलाच्या खोट्या साक्षीवरून पकडल्या गेलेल्यांच्या यादीत पुन्हा जेनेट डिव्हाइस हे नाव आढळते. ती तीच जेनेट असेल, तर तिच्यावर काय गुजरले असेल याचा विचार कोणताही कागद करीत नाही. खटल्याचा वृत्तान्त न्यायालयाचे लेखनिक टॉमस पॉट्स यांनी १६१३ साली छापला आणि त्यावर न्यायाधीशांची नजर फिरली होती.

प्रश्न : मी मूळचा शहाद्याचा आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. सातपुड्यातील पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवल्याच्या घटना लहानपणापासून कानावर आल्या आहेत. या परदेशी कादंबऱ्या वाचताना त्या आठवतात. ही तुलना करणे योग्य आहे का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : योग्य आहे, पण एक मोठा फरक डोळ्यांआड होऊ देऊ नये. युरोपात चेटूक हा कायद्याने गुन्हा होता. राजसत्ता, न्यायाधीश आणि लेखनिक आरोप करणाऱ्याच्या बाजूने उभे होते. आपल्याकडे आज कायदा आरोप झालेल्या स्त्रीच्या बाजूने आहे. बिहारने १९९९ मध्ये आणि झारखंडने २००१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. करणी किंवा काळी जादू करणारी म्हणून एखाद्या व्यक्तीला बदनाम करून तिचे जगणे अशक्य करणे, हा त्याखाली गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे उरणारा कागद कबुलीजबाबाचा नसतो, तो फिर्यादीचा आणि पंचनाम्याचा असतो.

साम्य आहे ते आरोपाच्या मुळाशी. झारखंडमधील संथाल आणि हो समाजांवरील अभ्यासांत विधवेच्या जमिनीवरील हक्काचा प्रश्न पुढे आला आहे, आणि युरोपातही एकट्या, निराधार वा वारसाहक्काच्या आड येणाऱ्या स्त्रियांवर बोट रोखले गेल्याची उदाहरणे आहेत. हे दुखणे केवळ आदिवासींचे आहे, असे शहरी वाचकाने मानू नये. सेलमचे न्यायाधीश शिकलेले आणि प्रतिष्ठित गृहस्थ होते.

आपल्या भागावर कोणी अशी कादंबरी लिहिणार असेल, तर त्याची जबाबदारी परदेशी लेखकाहून अधिक आहे, कारण येथे सोसलेल्या व्यक्ती हयात आहेत आणि त्या बोलत आहेत. झारखंडच्या छुटनी महातो यांच्यावर स्वतःवर असा आरोप झाला होता. त्यांनी पुढे अशाच स्त्रियांना आधार दिला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना विचारता येते त्यांच्याविषयी केवळ कल्पनेने लिहिण्याचा अधिकार लेखकाला नाही, असे मी मानतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला अशी कादंबरी वाचायला द्यावी का?
— एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : अवश्य द्यावी, मात्र आधी आपण स्वतः ती पूर्ण वाचावी. काही लेखक छळाची वर्णने चवीने करतात, ती या वयात टाळलेली बरी. सेलममध्ये आरोप करणाऱ्या अनेक मुली आपल्या मुलीच्याच वयाच्या किंवा तिच्याहून लहान होत्या, त्यामुळे ती त्यांच्याविषयी प्रश्न विचारील. तेव्हा अॅन पुटनमची हकीकत सांगावी : १६९२ मध्ये बारा वर्षांची असताना तिने अनेकांवर आरोप केले आणि १७०६ साली गावच्या चर्चमध्ये सर्वांसमक्ष तिचे क्षमापत्र वाचले गेले. त्या क्षमापत्रात ती दोष सैतानाच्या फसवणुकीला देते. ते पुरेसे आहे का, याचे उत्तर आपण देऊ नये, मुलीला विचारावे.