आयनीकरण ऊर्जा: नियम पाठ आहे, पण पुढे?

आयनीकरण ऊर्जा म्हणजे वायुरूप अणूतला सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. आवर्तसारणीत ती "डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते" हे तू पाठ केलंयस, ठीक. पण गुण जातात ते अपवादांवर. मीही बारावीला तिथेच आपटलो होतो.

आधी कारण नीट समजून घे. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, पुढे जाताना प्रोटॉन वाढतात, नवे इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात शिरतात, म्हणून केंद्रकाची ओढ वाढते. गणात, म्हणजे उभ्या रकान्यात, खाली उतरलं की बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब जातो, शिवाय मधे आतल्या कवचांची गर्दी. विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला खेचून काढणं सोपं, खिडकीपाशी बसलेल्याला नाही, तसंच काहीसं. लिथियम ५२०, सीझियम जेमतेम ३७६ किलोज्यूल प्रति मोल.

आता दुसरं आवर्त. बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१. का घसरलं? दुसऱ्या कवचात एस आणि पी असे उपकवच असतात; बोरॉनचा निघणारा इलेक्ट्रॉन २पी मधला, म्हणजे बेरिलियमच्या २एस पेक्षा वरच्या ऊर्जेचा. मग नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. ऑक्सिजनच्या एका पी कक्षकात (इलेक्ट्रॉनच्या जागेत) दोन इलेक्ट्रॉन कोंबलेले, एकमेकांना ढकलतात. हे दोन्ही खड्डे स्वतः आलेख काढून बघ, दादर ते ठाणे प्रवासात उरकेल. तिसऱ्या आवर्तात मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस-सल्फर, तीच गत.

आणि दुसरी आयनीकरण ऊर्जा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेल्यावर दुसरा काढायला लागणारी, विचारली तर घाई नको, सगळे तिथेच फसतात. मॅग्नेशियमची १४५१, पण सोडियमची ४९६ वरून थेट ४५६२, कारण आता निऑनसारखं भरलेलं कवच फोडायचंय.