गावातल्या वडिलांना शुगरच्या पायांची निगा चॅटबॉट ॲपवरून शिकवता येईल का?

येईल. फक्त त्या ॲपला उत्तरं द्यायच्या कामाला लावू नका, प्रश्न विचारायच्या कामाला लावा.

तुम्ही लिहिलंय की वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतात, 12 वर्षांपासून शुगर आहे, तुम्ही पुण्यात असता. आधी त्यांच्या तळपायाला मुंग्या यायच्या, आता येत नाहीत, म्हणून ते खूश आहेत. मी बेळगावात एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. तुमच्या प्रश्नातलं मुंग्यांचं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. मुंग्या थांबल्या म्हणजे दरवेळी पाय सुधारलाच असं नसतं. संवेदना पोचवणारी नस आणखी निकामी झाली तरी मुंग्या थांबतात आणि पाय बधिर होतो. असा पाय काटा टोचला तरी सांगत नाही, चप्पल घासली तरी सांगत नाही. आमच्याकडे चिघळलेली जखम घेऊन आलेल्या माणसाला "इतके दिवस का थांबलात?" विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "काय दुखत नव्हतं बघा."

चांगल्या पायाला दिवसभर वेदनाच आठवण करून देत असते. खडा टोचला की आपण थांबतो, झटकतो, पुढे जातो. तुमच्या वडिलांची ती आठवण गेली असेल, तर तिच्या जागी रोज कुणीतरी विचारणारं हवं. हे काम ॲपला जमतं. माहिती तर गावात सगळ्यांनाच असते. अनवाणी फिरू नये, पाय स्वच्छ ठेवावेत हे कोण जाणत नाही? पायांची निगा शिकवण्याबद्दल झालेल्या 12 चाचण्यांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2014 मध्ये काढला होता. शिकवल्यावर लोकांचं ज्ञान आणि सवयी काही काळ सुधारतात, पण नुसत्या शिकवण्याने जखमा आणि पाय कापण्याची वेळ कमी होते याला पुरेसा पुरावा नाही, असंच त्यात निघालं. म्हणून पायांच्या निगेवर पानभर भाषण देणारं ॲप त्यांच्या फोनवर टाकून तुम्ही निर्धास्त होऊ नका.

आता ॲप कुठलं ते. काही आरोग्य ॲपांत डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेले प्रश्न आणि उत्तरं असतात, त्याबाहेर ती जात नाहीत. चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी ॲपं प्रत्येक वेळी उत्तर नव्याने तयार करतात. मराठी छान बोलतात, कधीकधी चूकही तितक्याच छान मराठीत सांगतात. वडिलांना टाइप करायचा कंटाळा असणार, त्यामुळे बोलून चालणारं ॲप घ्या आणि संभाषणाच्या सुरुवातीला साधारण असा मजकूर तुम्हीच भरून द्या:

"माझ्या वडिलांना 12 वर्षांपासून मधुमेह आहे, पायाला कमी जाणवतं. त्यांना पायांबद्दल एका वेळी एकच प्रश्न विचार, सोप्या मराठीत. तळवा पाहिला का, बोटांच्या बेचक्या पाहिल्या का, चपलेत हात घालून बघितलं का, असे. 'हो' म्हणाले तर काय दिसलं ते विचार. औषध, मलम, डोस, घरगुती उपाय काहीही सुचवू नकोस. फोड, जखम, लाली, सूज, पू, वास, काळा डाग, एका पायाला जास्त ऊब किंवा ताप यातलं काही म्हणाले, तर प्रश्न थांबव आणि एवढंच सांग: पायावर भार देऊ नका, आजच डॉक्टरांना दाखवा, मुलाला फोन करा."

वडिलांच्या हातात देण्याआधी त्याची परीक्षा घ्या. वडिलांच्या आवाजात विचारा, "लहानसा फोड आहे, दुखत नाही, हळद लावली तर चालेल काय?" हळद, मलम, "दोन दिवस वाट बघा" असं काही म्हणालं तर ते ॲप वापरू नका. पुन्हा, "गरम पाण्यात पाय बुडवून बसलो तर बरं वाटेल ना?" असं विचारून बघा. बधिर पायाला गरम पाण्याने भाजलेलं कळत नाही. आमच्याकडे असे फोड नेहमी येतात, थंडीत शेकोटीजवळ बसून आलेलेही. पाणी 37 अंश सेल्सियसच्या खाली हवं आणि ते पायाने बघायचं नाही. कोपराने बघावं, आणि कोपरालाही जाणवत नसेल तर आईंनी बघावं.

आईंचं नाव मुद्दाम काढलं. वाकून स्वतःचा तळवा बघणं साठीच्या माणसाला जमत नाही, त्यात मोतीबिंदू असला तर संपलंच. त्यामुळे ॲपशी बोलायला दोघांनी बसावं. वडील बोलतील, आई बघतील. आईंनी दोन्ही तळव्यांना हाताची मागची बाजू लावून ऊब सारखी आहे का तेही बघावं. एक पाय गरम, सुजलेला, पण जखम नाही आणि फारसं दुखतही नाही, अशा पायाला लोक मुरगळलाय म्हणून तेल चोळतात. कधीकधी आत हाडं आणि सांधे ढासळत असतात, त्याला शार्को फूट म्हणतात. अशा वेळी चालणं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. थर्मामीटरने मोजत असाल तर दोन्ही पायांच्या त्याच जागी 2.2 अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला, तर तो धोक्याचा मानतात.

आपल्या भागाचे प्रश्न ॲपला आपणहून सुचत नाहीत, ते तुम्ही घाला. खानापूरकडे पावसाळ्यात भाताची रोप लावण म्हणजे दिवसभर पाय चिखलात. बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते आणि जंतू तिथूनच आत शिरतात. तेव्हा जून ते ऑगस्ट रोजचा पहिला प्रश्न "बेचक्या कोरड्या केल्या का?" हाच असू दे. टाचांच्या भेगांना खोबरेल लावायला हरकत नाही, बेचक्यांत मात्र लावू नये. कुरूप झालं असेल तर ब्लेडने कापणं नाही, मेडिकलमधली कुरुपाची पट्टी नाही. तिच्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते. वडील बिडी ओढत असतील किंवा मिश्री लावत असतील तर तोही प्रश्न घाला. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भरत आलेली जखमसुद्धा अडकते. निपाणीकडच्या पेशंटना मी हे सांगते तेव्हा त्यांना ते आवडत नाही, ज्या पिकावर घर चालतं त्याबद्दल ऐकणं अवघडच असतं. तरी सांगावं लागतं.

पायताणाचंही तसंच. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या 4 जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही 4 आहेत आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणीच्या कारागिरांचा मला मनापासून अभिमान आहे. पण बधिर पायाला तो कडक चामड्याचा तळ आणि अंगठ्यात रुतणारी पट्टी नको. एमसीआर म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराचा तळ, मागे पट्टा, बोटांना जागा, अशी चप्पल किंवा बूट घ्यायचा, संध्याकाळी घ्यायचा, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. घरातही वापरायचा. सौंदत्तीला यल्लम्माला किंवा पंढरीच्या वारीला अनवाणी जायचा नवस असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाकडून किंवा देवस्थानातल्या कुणाकडून वडिलांना समजावून घ्या. ॲपच्या सांगण्याने कुणी नवस बदलत नाही.

सीमाभागात ॲपचा आणखी एक खरा उपयोग आहे. सरकारी दवाखान्यातले कागद कानडीत, डिस्चार्जचे कागद इंग्रजीत, आणि आपल्या आईवडिलांची शाळा मराठीची. मुलगा जवळ नसला की तो कागद पिशवीतच राहतो. कागदाचा फोटो काढून "यात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांग" म्हटलं तर ॲप बरंच समजावतं. नाव, फोन आणि आधार नंबर झाकून मगच फोटो काढा. गोळीचं नाव, किती आणि कधी, एवढं मात्र मेडिकलवाल्याकडून किंवा सिस्टरकडून पक्कं करून घ्या. जखमेचा फोटो टाकून "हे गंभीर आहे का" असं कधी विचारू नका. जखम आत किती खोल गेलीय, पायाच्या नाडीला ठोका आहे का, हे फोटोत कळत नाही. जखमेचा फोटो काढायचाच तर तुम्हाला पाठवायला काढावा.

ही ॲपं सहसा आपणहून हाक मारत नाहीत, म्हणून रात्रीच्या जेवणानंतरचा गजर फोनवर लावा. कणकुंबी-जांबोटीकडच्या आतल्या वाडीत घर असेल तर रेंजचा भरवसा नाही. तेच प्रश्न तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून आईंच्या फोनवर ठेवा. मुलाच्या आवाजाला वडील टाळणार नाहीत.

पण हे सगळं सुरू करण्याआधी गावी या आणि एक तपासणी करा. वडिलांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, एकाच बोटाला पुन्हा लावू नका. जाणवलं की त्यांनी उजवा किंवा डावा म्हणायचं. या 6 जागांपैकी 2 किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली असं धरून चाला. मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावात सिव्हिलला, केएलई हॉस्पिटलला, जिथे सोय असेल तिथे न्या आणि 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे संवेदना तपासायच्या नायलॉनच्या धाग्याने, पाय तपासून मागा, नाडीही बघायला सांगा. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही शाबूत असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. संवेदना गेली असेल तर 6 ते 12 महिन्यांनी, त्याबरोबर पायाचा आकार बिघडला किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर 3 ते 6 महिन्यांनी, आणि आधी कधी जखम होऊन गेली असेल तर 1 ते 3 महिन्यांनी. वडील यातल्या कुठल्या गटात बसतात ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पुढची तारीख त्याच दिवशी आईंच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनवर टाका.