वसाहतकालीन अमेरिकेत धर्मस्वातंत्र्याची सुरुवात प्युरिटनांनी केली का?

तसा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. इंग्लंडमधील छळाला कंटाळून आलेल्या या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांना मोकळीक हवी होती ती स्वतःच्या पंथासाठी, इतरांसाठी नव्हे; क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मेरी डायर यांना १६६० साली बॉस्टनमध्ये फाशी देण्यात आले, ते याच प्युरिटनांच्या राजवटीत.

श्रेय द्यायचेच तर ते धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांना द्यावे लागेल. श्रद्धेच्या बाबतीत शिक्षा करण्याचा हक्क राज्यसत्तेला नाही, या व अशा मतांमुळे मॅसॅच्युसेट्स या प्युरिटन वसाहतीच्या न्यायसभेने १६३५ मध्ये त्यांना हद्दपार केले, तेव्हा ते भर हिवाळ्यात बाहेर पडले आणि नॅरागॅन्सेट या मूळ अमेरिकी जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून १६३६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवले, जिथे बहुमताचा निर्णय केवळ ऐहिक बाबींपुरताच बंधनकारक असे. गंमत म्हणजे विल्यम्स स्वतः अत्यंत कर्मठ ख्रिस्ती होते; सत्तेच्या स्पर्शाने धर्मच बाटतो, अशी त्यांची धारणा होती. पुढे १६६३ च्या राजसनदेने प्रॉव्हिडन्स ज्या वसाहतीचा भाग बनले त्या ऱ्होड आयलंडला हे स्वातंत्र्य लेखी मिळाले.

मेरीलँड वसाहतीच्या १६४९ च्या धार्मिक सहिष्णुतेच्या कायद्याचेही नाव घेतले जाते, परंतु त्याचे संरक्षण ख्रिस्ती लोकांपुरतेच होते आणि त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही श्रद्धा) नाकारणाऱ्यास त्यात चक्क मृत्युदंड सांगितला होता.